जॅग शाखेतला अधिकारी आयुष्यभर नेमके काय करतो?

नागपूरच्या वर्तमानपत्रांत निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या निधनवार्ता अधूनमधून येतात. गेलेला अधिकारी पायदळातला किंवा तोफखान्यातला असला, तर लिहिणाऱ्याला सोपे जाते. कोणत्या युद्धात होते, कोणती पलटण सांभाळली, कोणते पदक मिळाले, एवढे सांगितले की माणूस वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तोच अधिकारी सैन्यदलाच्या विधी शाखेतला, म्हणजे सैन्यात सगळे जिला ‘जॅग’ म्हणतात त्या शाखेतला असला, की मजकूर दोन ओळींत आटोपतो. शोकसभेत बोलणारे त्यांच्या शिस्तीबद्दल, वाचनाबद्दल आणि मितभाषीपणाबद्दल बोलतात, पण कामाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, कारण ते काम काय होते हे बहुधा घरच्यांनाही पुरते ठाऊक नसते.

या मौनामागे स्वभावापेक्षा कायद्याचा वाटा मोठा आहे. लष्करी न्यायालयात कायद्याचा सल्लागार म्हणून बसणाऱ्या अधिकाऱ्याला ‘जज ॲडव्होकेट’ म्हणतात, आणि सुनावणीच्या आरंभी तो जी शपथ घेतो तिच्यात न्यायालयाच्या कोणत्या सदस्याने काय मत दिले हे उघड करणार नाही, असे वचन असते. एखाद्या न्यायालयाने रीतसर विचारले तरच त्यातून सुटका मिळते. ज्या खोलीत त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत कठीण तास गेले, त्या खोलीबद्दल नातवंडांना गोष्ट म्हणूनही सांगण्याची त्याला मुभा नाही. त्यामुळे अशा माणसाची कारकीर्द जाणून घ्यायची असेल, तर ऐकीव आठवणींपेक्षा कायद्याने त्याला कोठे बसवले, काय बोलायला लावले आणि काय करू दिले नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

नागपूरकरांना हा विषय तसा परका नाही. १८१७ची सीताबर्डीची लढाई, कामठीची छावणी, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र, वायुसेनानगरातले हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय, यांमुळे या शहराचा फौजेशी जुना परिचय आहे. लष्करी कायदा शिकवणारी सैन्याची संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉ, हीसुद्धा कामठीलाच आहे. तरीही लॉ कॉलेज चौकातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना घरापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर कायद्याची एक संपूर्ण वेगळी शाखा शिकवली जाते, याची कल्पना नसते.

ही शाखा वेगळी का पडली, याचे उत्तर राज्यघटनेच्या ३३व्या अनुच्छेदात आहे. कर्तव्यपालन आणि शिस्त टिकून राहावी म्हणून सैन्यदलातील व्यक्तींचे मूलभूत हक्क किती प्रमाणात मर्यादित करायचे, हे संसदेने कायद्याने ठरवावे, असे तो अनुच्छेद सांगतो. त्यानुसार भूदलासाठी १९५०चा सेना अधिनियम आहे आणि तो प्रत्यक्षात कसा चालवायचा याचे तपशील १९५४च्या सेना नियमांत आहेत. हवाई दलाचा अधिनियमही १९५०चा, तर नौदलाचा १९५७चा. झोपलेला पहारेकरी, वरिष्ठाचा हुकूम न मानणारा शिपाई किंवा रजा संपूनही न परतलेला जवान यांच्यावर नागरी जीवनात खटला होऊ शकत नाही. सैन्यात होतो, आणि शिक्षा तुरुंगवासाची असू शकते. शिक्षा इतकी जड असेल, तर ती देणाऱ्यांजवळ कायदा जाणणारे कोणीतरी असणे भाग आहे.

हा जाणकार अधिकारी आधी कायद्याचा पदवीधर असतो आणि नंतर सैनिक होतो. आजच्या नियमांप्रमाणे एलएल.बी.ला किमान ५५ टक्के गुण, २१ ते २७ वर्षांचे वय, निवड मंडळाच्या मुलाखती आणि मग चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत इतर उमेदवारांच्या बरोबरीने खडतर प्रशिक्षण, असा मार्ग आहे. बंदूक चालवणे, नकाशावाचन, पाठीवर वजन घेऊन धावणे यांतून कायदेवाल्यांना सूट मिळत नाही आणि मिळूही नये, कारण ज्यांच्या वर्तनाचा तो पुढे कायद्याने विचार करणार, त्यांचे जगणे त्याला बाहेरून पाहून कळणार नाही. २००८ साली स्त्रियांना कायमस्वरूपी कमिशन देण्याची सुरुवात शिक्षण शाखेबरोबर याच शाखेत झाली, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॅगच्या भरतीत पुरुषांसाठी अधिक व स्त्रियांसाठी कमी जागा राखण्याची पद्धत रद्द ठरवून गुणवत्तेची एकच यादी लावायला सांगितले.

दूरचित्रवाणीवरच्या मालिकांमुळे लष्करी वकील म्हटला की पांढऱ्या गणवेशात उलटतपासणी घेणारा तडफदार माणूस आठवतो. प्रत्यक्षात त्याच्या सेवेचा फार मोठा भाग कागद वाचण्यात जातो, आणि माझ्या मते त्याची खरी पारख तिथेच होते. एक उदाहरण घेऊ. समजा, विदर्भातल्या एका जवानाची तीस दिवसांची रजा संपली, पण घरी वडील दवाखान्यात होते आणि तो बराच उशिरा पलटणीत पोचला. सेना अधिनियमाच्या ३९व्या कलमात हा अपराध आहे, परंतु तिथे ‘पुरेशा कारणाशिवाय’ असे शब्द आहेत. हाच जवान परत यायचेच नाही असे ठरवून राहिला होता, असे दिसले तर ३८वे कलम, म्हणजे पलायन, लागते. पहिल्या अपराधाला जास्तीत जास्त तीन वर्षांचा कारावास, दुसऱ्याला सात वर्षांपर्यंतचा, आणि प्रत्यक्ष युद्धसेवेत असताना केलेल्या पलायनाला तर देहदंडापर्यंतची तरतूद. पलटणीतल्या चिडलेल्या अधिकाऱ्याने कागदावर ३८वे कलम लिहून पाठवले, तर दवाखान्याचा दाखला कोठे आहे, घरून फोन आला होता काय, जवान आपणहून परतला की पकडून आणला, हे प्रश्न विचारण्याचे काम जॅग अधिकाऱ्याचे.

ते प्रश्न ज्या कागदांवरून विचारले जातात, ते कसे तयार होतात हेही पाहण्यासारखे आहे. आरोपीला प्रथम त्याच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, म्हणजे पलटणीच्या प्रमुखासमोर, उभे केले जाते आणि आरोप त्याच्या समक्ष ऐकला जातो. प्रकरण तेवढ्यावर मिटत नसेल, तर साक्षीपुरावा लेखी नोंदवला जातो. सैन्यात याला ‘समरी ऑफ एव्हिडन्स’ म्हणतात. साक्षीदार आरोपीच्या समोर बोलतो, आरोपी त्याला प्रश्न विचारू शकतो, जबानी वाचून दाखवल्यावर साक्षीदार सही करतो. शेवटी आरोपीला सांगितले जाते की, तुला काही सांगायचे असेल तर सांग. सांगितलेच पाहिजे असे नाही, मात्र जे सांगशील ते लिहून घेतले जाईल आणि पुराव्यात वापरले जाऊ शकेल. ही ताकीद दिल्याची नोंद नसेल किंवा उलटप्रश्नांची संधी दिल्याचे दिसत नसेल, तर वर्षभरानंतर सगळा खटला कोसळू शकतो, आणि मग खरोखर दोषी असलेला माणूसही सुटतो. असा कागद परत पाठवणारा कनिष्ठ जॅग अधिकारी पलटणीत लोकप्रिय होत नाही, हे वेगळे सांगायला नको. त्याचा सल्ला वरिष्ठाने मानलाच पाहिजे असेही नाही. खटला चालवायचा की नाही, हा निर्णय न्यायालय बसवणाऱ्या सेनाधिकाऱ्याचा असतो.

प्रकरण पुढे गेले की कोर्ट मार्शल. सेना अधिनियमात त्याचे चार प्रकार आहेत आणि त्यांतले सर्वांत मोठे जनरल कोर्ट मार्शल. त्यात किमान पाच अधिकारी न्यायासनावर बसतात, प्रत्येकाची किमान तीन वर्षांची सेवा झालेली असावी लागते, आणि देहदंडासह कोणतीही शिक्षा देण्याचा त्यांना अधिकार असतो. यांतल्या एकाही सदस्याला कायद्याची पदवी असण्याची गरज नाही. कोणी रणगाडा दलातला, कोणी पुरवठा विभागातला, कोणी अभियंता. त्यामुळेच जनरल कोर्ट मार्शलमध्ये जज ॲडव्होकेट असलाच पाहिजे, अशी सक्ती १२९व्या कलमात आहे. खालच्या दर्जाच्या डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये तीन अधिकारी पुरतात, शिक्षेची मर्यादा दोन वर्षांच्या कारावासाची असते आणि जज ॲडव्होकेट नेमणे ऐच्छिक असते.

खोलीत काय घडते, ते थोडे जवळून पाहू. सदस्य आपापल्या हुद्द्यांप्रमाणे स्थानापन्न होतात. अध्यक्ष आणि सदस्य यांची नावे आरोपीला वाचून दाखवतात आणि यांपैकी कोणाकडून न्याय होण्यास तुझी हरकत आहे काय, असे विचारतात. हरकत घेतली तर तिचा निकाल लागेपर्यंत पुढे जाता येत नाही. त्यानंतर शपथा होतात. जज ॲडव्होकेट सदस्यांच्या सोबत बसतो खरा, पण तो त्यांच्यापैकी नसतो. त्याची नेमणूक झाल्या क्षणापासून कायद्याच्या कोणत्याही मुद्द्यावर त्याचे मत मागण्याचा हक्क फिर्यादी पक्षाला आहे आणि तेवढाच आरोपीलाही आहे. त्याने संपूर्ण निःपक्षपाती राहावे, असे नियम स्पष्ट म्हणतात. एखादा प्रश्न साक्षीदाराला विचारता येतो की नाही, एखादा कागद पुराव्यात घेता येतो की नाही, हे तो सांगतो, आणि कायद्याच्या बाबतीत फार सबळ कारण असल्याखेरीज न्यायालयाने त्याचा सल्ला डावलू नये अशी अपेक्षा असते. दोन्ही बाजूंचे म्हणणे संपल्यावर तो साऱ्या पुराव्याची मांडणी करतो आणि त्यावर लागू होणारा कायदा सदस्यांना समजावतो. त्यानंतर दारे बंद होतात.

बंद दाराआड जज ॲडव्होकेट हजर असतो, पण त्याला मत नसते. सदस्य आपले मत तोंडी देतात, प्रत्येक आरोपावर वेगळे, आणि सुरुवात हुद्द्याने सर्वांत कनिष्ठ असलेल्यापासून होते. हा नियम मला सगळ्या सेना नियमांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ब्रिगेडियरने आधी ‘दोषी’ म्हटल्यावर कॅप्टनने ‘निर्दोष’ म्हणायला जी हिंमत लागेल, तिची वेळच तो येऊ देत नाही. मते समसमान पडली तर लाभ आरोपीला मिळतो. देहदंडासाठी जनरल कोर्ट मार्शलमध्ये दोन तृतीयांश सदस्यांचे एकमत लागते. हे सारे समोर घडत असताना जज ॲडव्होकेटला स्वतःला आरोपी दोषी वाटतो की निर्दोष, याला कायद्याच्या दृष्टीने काहीही महत्त्व नसते.

मत नसले तरी वजन असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चरणजित गिल प्रकरणात अधोरेखित केले. आरोपी मेजर हुद्द्याचा होता आणि जज ॲडव्होकेट त्याहून खालच्या, कॅप्टन हुद्द्याचा. न्यायासनावरचे सदस्य आरोपीपेक्षा कनिष्ठ नसावेत, हा नियम जज ॲडव्होकेटलाही लागू होतो, असे न्यायालयाने म्हटले आणि ते कोर्ट मार्शल सदोष ठरवले. सरकारचा युक्तिवाद असा होता की, तो न्यायालयाचा भागच नाही. न्यायालयाने त्याची प्रत्यक्ष भूमिका पाहिली आणि निकालावर त्याचा किती प्रभाव पडू शकतो, याला महत्त्व दिले. जॅग शाखेतल्या अधिकाऱ्याच्या बढतीच्या तारखांना त्याच्या चरित्रात जागा का द्यावी, हे या निकालावरून समजते: अमुक हुद्द्यावर असताना तो कोणत्या आरोपींच्या खटल्यात बसू शकत होता, हे त्या तारखांवरून ठरते.

कोर्ट मार्शलने दोषी ठरवले म्हणजे प्रकरण संपत नाही. वरच्या अधिकाऱ्याने पुष्टी दिल्याखेरीज निकाल आणि शिक्षा यांना कायद्याने अस्तित्व नसते. या टप्प्याचे महत्त्व आपल्या इतिहासातल्या एका प्रसिद्ध खटल्याने दाखवून दिले आहे. आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात चाललेला खटला हे १९११च्या जुन्या कायद्याखालचे जनरल कोर्ट मार्शलच होते. बचावासाठी भुलाभाई देसाई उभे राहिले, फिर्यादी पक्षातर्फे सर नौशेरवान इंजिनिअर होते, आणि दोहोंच्या मध्ये जज ॲडव्होकेट म्हणून कर्नल केरिन बसले होते. देसाई सगळ्यांना आठवतात, केरिन यांचे नाव अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नाही. न्यायालयाने तिघांनाही आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. परंतु पुष्टीच्या वेळी सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६च्या आरंभी ती माफ केली आणि सैन्यातून काढून टाकण्याची आणि थकलेले वेतन-भत्ते जप्त करण्याची शिक्षा तेवढी कायम ठेवली. देशभर उसळलेला लोकक्षोभ पाहून घेतलेला हा निर्णय होता, हे उघड आहे, पण तो घेण्याची जागा कायद्यातच ठेवलेली होती.

आता या व्यवस्थेच्या दुबळ्या बाजूकडे वळायला हवे. समरी कोर्ट मार्शल नावाचा जो चौथा प्रकार आहे, त्यात एकटा कमांडिंग ऑफिसर हेच न्यायालय असते. दोन जण सोबत बसतात, पण त्यांना मत नाही. जवानाला ‘आरोपीचा मित्र’ म्हणून कोणाची तरी मदत घेता येते, मात्र त्या मित्राला साक्षीदार तपासता येत नाही की न्यायालयापुढे बोलता येत नाही. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील हुद्द्याचा कमांडिंग ऑफिसर असेल, तर एक वर्षापर्यंतचा कारावास आणि नोकरीतून बडतर्फी या शिक्षा तो देऊ शकतो, आणि त्यांना पुष्टीची गरज लागत नाही. जज ॲडव्होकेट येथे नसतोच. कागद शिक्षेनंतर कमांडच्या जॅग अधिकाऱ्यामार्फत वर तपासायला जातात, तेव्हा जवान बहुधा गणवेश उतरवून घरी पोचलेला असतो. सीमेवरच्या पलटणीत तातडीने शिस्त राखायला ही सोय लागते, हा सैन्याचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. तरी कायदा जाणणारा माणूस घटनेनंतर येण्याऐवजी आधी येत असता, तर काही जवानांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या, असे म्हणायला आधार आहे.

रणजित ठाकूर या सिग्नलमनचे प्रकरण हा तो आधार. वरिष्ठांकडून वाईट वागणूक मिळते, अशी तक्रार त्याने थेट वर पाठवली म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना जेवण्याचा हुकूम मानला नाही, या आरोपावरून त्याचे समरी कोर्ट मार्शल झाले, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीच न्याय करायला बसला. एक वर्षाचा सश्रम कारावास आणि बडतर्फी, अशी शिक्षा झाली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे रद्द केले. ‘हरकत आहे काय’ हा प्रश्न त्या जवानाला विचारलाच गेला नव्हता, आणि अपराधाच्या मानाने शिक्षा अतिशय विषम होती, ही त्याची कारणे. एका ओळीचा प्रश्न विचारून घेणारा जॅग अधिकारी त्या खोलीत असता, तर निदान पहिला दोष राहिला नसता.

त्याआधी, १९८२ साली पृथीपालसिंग बेदी प्रकरणात, कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध एकही अपील नसावे याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने खेद व्यक्त केला होता. ते अपील प्रत्यक्षात यायला आणखी पंचवीसहून अधिक वर्षे लागली. २००७च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण निर्माण झाले आणि २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. प्रत्येक खंडपीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक सैन्यातला अनुभवी प्रशासकीय सदस्य असतो, आणि जॅगच्या सर्वोच्च पदावर किमान वर्षभर राहिलेला मेजर जनरलही त्या दुसऱ्या जागेसाठी पात्र धरला जातो. महाराष्ट्रातली प्रकरणे मुंबईच्या खंडपीठाच्या कक्षेत येतात. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठालाही या विषयात पुन्हा महत्त्व आले आहे.

निवृत्तीनंतर काही जॅग अधिकारी काळा कोट घालून सरकारच्या विरुद्ध बाजूला उभे राहतात, आणि त्यांच्याकडे येणारी प्रकरणे बहुतेक कोर्ट मार्शलची नसून निवृत्तिवेतनाची असतात. विशेषतः अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची. सेवेत आजारी पडून घरी पाठवलेल्या जवानाला, तुझा आजार सेवेमुळे झालेला नाही, असे वैद्यकीय मंडळाने एका ओळीत कळवलेले असते. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर जो निकाल दिला, तो खेड्यापाड्यातल्या माजी सैनिकांनी माहीत करून घेण्याजोगा आहे. भरतीच्या वेळी केलेल्या तपासणीत त्या आजाराची नोंद नसेल, तर जवान भरती होताना निरोगी होता असेच धरायचे, आणि आजार सेवेमुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचे ओझे जवानावर टाकायचे नाही. म्हणून अशा वकिलाकडे जाताना निवृत्तीचे कागद तर न्यावेतच, पण त्याआधी भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत आणि घरी पाठवताना बसलेल्या वैद्यकीय मंडळाचा पूर्ण अहवाल अभिलेख कार्यालयाकडून लेखी अर्ज करून मागवावा. फाइल उघडल्यावर तो सर्वांत आधी हेच दोन कागद शेजारी ठेवून वाचतो.